गाणं 'मपलं' कधी होणार?

मिरवणूक नाचते आपल्या पोराच्या बीटवर, गाण्यावर नाव मात्र दुसऱ्याचं. मराठी इंडी आणि इलेक्ट्रॉनिक गाण्यांना चांगले दिवस आलेले असताना बीडचा 'डीजेवाला' नेमका कुठे अडकलाय?

वरात चौकात येऊन थांबते. पिकअपवर बेस आणि टॉपची भिंत, मागे जनरेटर, वर शार्पीचे फिरते लाइट. गाणं अजून सुरू व्हायचंय, पण त्याआधी एक घोगरा आवाज घुमतो, 'डीजे अमुक... इन द मिक्स!' मग हलगी, मग सायरन, मग क्षणभर सगळं शांत आणि लगेच ड्रॉप. नवरदेवाचे मित्र, चुलते, पाहुणे सगळे एकदम उडी मारतात.

हा 'डीजे अमुक' बऱ्याचदा त्या वरातीत नसतोच. तो कदाचित तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसतो. रात्री घरचे झोपले की सेकंडहँड लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडतो, कुणाच्या तरी गाण्यातला गळा वेगळा काढतो आणि त्याखाली स्वतःची किक, स्वतःची हलगी बसवतो. सकाळी ती फाइल व्हॉट्सअॅपवरून साउंडवाल्याकडे जाते. गेवराई असो, माजलगाव असो, केज असो की परळी, अशी पोरं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

इंडी म्युझिक किंवा इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे कॅफे आणि तिकीट काढून बघायचे फेस्टिव्हल येतात. 'ते आपल्याकडं कुठंय?' असं आपणच म्हणून टाकतो. पण एकट्यानं, घरात बसून, कॉम्प्युटरवर संगीत बनवणाऱ्याला जगभर 'बेडरूम प्रोड्युसर' म्हणतात. त्या व्याख्येत आपला डीजेवाला तंतोतंत बसतो. अडचण एकच आहे. त्याच्या हातातलं काम त्याचं, पण गाणं त्याचं नसतं. आपल्या बोलीत सांगायचं तर ते 'मपलं' नसतं.

हवा कुठून बदलली?

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठी गाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट झाली, जी आपल्या आधीच्या पिढीनं पाहिली नव्हती. गाणं हिट व्हायला सिनेमा लागेनासा झाला.

२०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं. हे गाणं कुठल्या सिनेमातलं नव्हतं, त्यात कुणी सुपरस्टार नव्हता. लिहिणारा आणि गाणारा संजू, संगीत जी-स्पार्कचं. मराठी न कळणाऱ्यांनीही त्यावर रील केल्या. २०२५ मध्ये त्याचंच 'शेकी' आलं आणि तेही चाललं. त्याच २०२४ मध्ये क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' आलं. हे तर अस्सल इलेक्ट्रॉनिक गाणं, हाऊस प्रकारातलं. ते प्रसिद्ध केलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. मार्टिन गॅरिक्सचं 'अॅनिमल्स' ज्यांनी २०१३ मध्ये काढलं, तीच ही कंपनी. तिच्या यादीत मराठी शब्द जाऊन बसले.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपलं नाव शंभरच्या आकड्यानं लिहितो, '१००आरबीएच'. २०२३ मध्ये तो 'हसल'च्या तिसऱ्या पर्वात पोचला आणि विदर्भाचा लहेजा घेऊनच पोचला. २०२५ मध्ये रत्नागिरीच्या राधिका भिडेचं 'मन धावतंया' 'आय-पॉपस्टार' या शोमधून घराघरात गेलं. जुन्या गाण्याचं कव्हर नव्हतं ते, नवंकोरं गाणं होतं.

जळगाव, अमरावती, रत्नागिरी. ही नावं मुद्दाम सांगितली. यातलं एकही गाव सिनेमासृष्टीचं नाही.

हे एका रात्रीत झालेलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील्स सुरू केल्या. त्यामुळे गाणं ऐकणाऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी कॅसेट कंपनीच्या ऑफिसबाहेर बसायची गरज संपली. बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. गाण्याची लाइन त्याच्या बरीच आधी टाकून झाली होती.

मग प्रश्न असा की, लाइन टाकलेली आहे तर आपल्या स्टेशनातून गाडी का सुटत नाही?

रिमिक्सचं कॅलेंडर

त्याचं एक कारण आपल्या डीजेवाल्याच्या वर्षात आहे. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, मध्ये आणि पुढे लग्नसराई, मग गणपती, मग नवरात्र. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात गावाकडे परततात. त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे लग्नांची झुंबड. या प्रत्येक वेळी साउंडवाल्याला नवा ट्रॅक हवा असतो, तोही परवापर्यंत. आणि हवा असतो तो ओळखीच्या गाण्याचाच, कारण लोक ओळखीच्या गाण्यावर लगेच नाचतात. पैसे रोख मिळतात, थोडे का होईना. नवीन गाणं बनवायला महिना लागेल, आणि ते कोण वाजवणार?

दुसरं काम असतं वाढदिवसाचं. भाऊ, दादा, ताई, साहेब, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. त्यांच्या नावाचं गाणं, स्टेटसला ठेवण्यापुरतं. हेही रोखीचं काम. पण ते फार दिवस टिकेल असं वाटत नाही. सुनोसारख्या एआय टूलमध्ये नाव आणि चार विशेषणं टाकली की मिनिटाभरात गाणं तयार होतं. ज्या गाण्यात फक्त नाव बदलायचं असतं, ते मशीन आधी खाणार हे उघड आहे.

म्हणजे हात तयार आहे, कान तयार आहे, पण सगळी मेहनत अशा गोष्टीवर खर्च होतेय जिच्यातून पुढच्या वर्षी काहीच उरणार नाही. रिमिक्स यूट्यूबवर टाकला तर यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा मूळ गाणं ओळखते. मग एक तर व्हिडिओ अडतो, नाहीतर जाहिरातीचे पैसे मूळ मालकाच्या खात्यात जातात. दहा लाख व्ह्यूज तुमच्या चॅनलवर आणि पैसे दुसरीकडे. यात यूट्यूबची चूक नाही, कारण कायद्यानं गाणं त्यांचंच आहे.

आता गंमत बघा. हाऊस म्युझिक नावाचा प्रकार, ज्यात 'तांबडी चामडी' बनलं, तो जन्मलाच अशा रिमिक्सवाल्यांच्या पोटी. १९७७ च्या सुमारास अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स नावाचा डीजे जुन्या डिस्को रेकॉर्डच्या टेप कापून-जोडून लांबवायचा, लोकांना नाचवायचा. त्या क्लबच्या नावावरूनच 'हाऊस' हा शब्द आला असं सांगतात. पुढे त्याच शहरातल्या जेसी सॉन्डर्स या डीजेची आवडती मिक्सची रेकॉर्ड चोरीला गेली. आता काय वाजवायचं? त्यानं ड्रम मशीन घेऊन आपलं स्वतःचंच गाणं बनवलं, 'ऑन अँड ऑन'. वर्ष १९८४. पहिली हाऊस रेकॉर्ड म्हणून बहुतेक जण आज तिचंच नाव घेतात. प्रत्येक मात्रेवर एक किक, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, हा साचा तिथून जगभर गेला.

शिकागोच्या त्या पोरांकडे आपल्या डीजेवाल्याइतकी साधनंसुद्धा नव्हती. दुसऱ्याचं गाणं वाजवता वाजवता त्यांनी एक दिवस स्वतःचं बनवलं, इतकंच.

गाणं कुणाच्या गल्लीचं?

स्वतःचं गाणं म्हणजे फक्त पैशाची बाब नाही. आपल्या जिल्ह्यात तर नाहीच नाही.

आपल्याकडे लांबून डीजेचा आवाज आला की मिरवणूक कुणाची, वरात कुणाची हे गाण्यावरून ओळखता येतं. प्रत्येक समाजाची गाणी ठरलेली, घोषणा ठरलेल्या. त्यात अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. भीमगीतांनी तर कित्येक पिढ्यांना उभं केलं. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन एकट्या गात होत्या. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यांना महाराष्ट्रभर पोचवलं. आपल्या भागातली खरी 'सोलो आर्टिस्ट' कुणी म्हणायची तर पहिल्यांदा त्यांचं नाव घ्यायला हवं. पण त्याच वेळी, एकमेकांना खिजवण्यासाठी बनवलेले ट्रॅक, 'भाईगिरी'ची गाणी आणि त्यावर हत्यारं दाखवणाऱ्या रील हेही आपण पाहिलंय.

९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर बीडचं नाव देशभर ज्या कारणानं गेलं, ते आपल्यातल्या प्रत्येकाला बाहेरगावी ऐकून घ्यावं लागलं. 'बीडचा का? बापरे!' पुण्यात रूम शोधणाऱ्यांना हा अनुभव सांगायला नको. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी आपल्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली, ती जात कळू नये म्हणून. आडनावाचं ओझं किती झालंय हे यावरून कळतं.

आता इंडी कलाकारांची नावं परत वाचा. क्रेटेक्स. जी-स्पार्क. १००आरबीएच. हा माणूस कोण, कुठला, हे ऐकणाऱ्याला आधी गाणं सांगतं. १००आरबीएच आपल्या विचारांबद्दल गाण्यात उघड बोलतो, काहीही लपवत नाही. पण तेही त्याच्या शब्दांत, त्याच्या अटींवर. आणि 'गुलाबी साडी' लागलं तेव्हा वरात कुणाची हे कुणी विचारलं नाही. ते सगळ्यांच्या वरातीत वाजलं. नव्या गाण्याला अजून कुठली गल्ली चिकटलेली नसते. एका जिल्ह्याची पोरं सगळी मिळून ज्यावर नाचू शकतील असं एखादं गाणं त्याच जिल्ह्यातून यावं, ही अपेक्षा आजच्या बीडमध्ये मला तरी छोटी वाटत नाही.

एक इशाराही लक्षात ठेवू. स्वतःचं गाणं म्हणजे स्वतःची जबाबदारी. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर राजकारणावरच्या एका रॅपमुळे गुन्हा दाखल झाला. एकट्या पोराच्या चार ओळींची इतकी दखल घेतली जाते, यातच त्या ओळींची ताकद दिसते. पण तेव्हा मागे कंपनी नसते, वकील नसतो, आपण एकटेच असतो.

कच्चा माल घरातच

'पण आपल्याकडे वेगळं काय आहे?' हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या सॅम्पल पॅकमध्ये जे मिळतं ते जगात सगळ्यांकडे आहे. तोच क्लॅप, तोच सायरन. वेगळं ते आपल्या आजूबाजूला आहे.

अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव माहितीय? तिथल्या शंकरबापू आपेगावकरांना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली होती. त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी तीच परंपरा पुढे नेली. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून जो घुमारा काढतात, त्याच्या शोधात बेसवाले आयुष्य घालवतात. हलगी तापवल्यावरचा तिचा कडक आवाज, आराध्यांचं संबळ, सप्ताहातले टाळ, जात्यावरच्या ओव्या, फडावर कोयत्याचा उसावर पडणारा घाव, हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करता येतं. ज्याचा आवाज घ्याल त्याला विचारून घ्या, गाण्यावर त्याचं नाव टाका, पैसे आले तर वाटा द्या. आजी असली तरी.

हे काही मी नवीन सांगत नाही. न्यूक्लियाचा 'बास राणी' हा अल्बम २०१५ मध्ये आला. त्यानं रस्त्यावरच्या मिरवणुकीचा दणका घेतला आणि तो तिकीट लावून ऐकायच्या कार्यक्रमात नेला. पुण्याच्या रित्विझचं 'उड गये' २०१७ मध्ये आलं, त्यात शास्त्रीय गळ्याची ताण इलेक्ट्रॉनिक बीटवर बसली. म्हणजे शहरातल्या कलाकारांना आपला रस्ता आणि आपला गळा हवा होता. आपण मात्र त्यांचा सायरन शोधत बसलोय.

कागदाचं बघा राव

आता थोडं रूक्ष, पण कामाचं. गाणं बनवणाऱ्या मित्राला हा भाग कापून द्या.

एक, स्वतः लिहिलेल्या आणि बनवलेल्या गाण्यावर हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी केली नाही म्हणून तो जात नाही. फक्त तारखेसह प्रोजेक्ट फाइल, डेमो, मेल जपून ठेवा.

दोन, एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. चॅनलवाला 'पाच हजार घे, गाणं दे' म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय मागतोय हे विचारा.

तीन, सही करण्याआधी वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क देण्याचा करार लेखी हवा. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या भागासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करून सोडून देता येत नाही. 'कायमचं सगळं दिलं' असं लिहून घेतलं तरी तो वाटा तुमचाच राहतो.

चार, १९६९ पासून आयपीआरएस नावाची संस्था गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते. स्वतःची दोन-चार गाणी झाली की सभासद होण्याचा विचार करा.

पाच, स्पॉटिफायवर गाणं टाकायला डिस्ट्रिब्युटर लागतो. कुणी वर्षाला फी घेतो, कुणी कमाईत वाटा. फी थकली तर गाणं खाली उतरतं का, हे आधी बघा. आणि फार स्वप्नं नकोत. २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे स्पॉटिफाय देत नाही. त्यापुढेही एका स्ट्रीमचा हिशोब रुपयांत नाही, पैशांत होतो.

म्हणूनच जे कलाकार टिकतात त्यांचा खर्च निघतो तो प्रत्यक्ष कार्यक्रमांतून. आणि इथं आपलं खरं दुखणं आहे.

वाजवायचं कुठं?

अकरा तालुक्यांचा जिल्हा. त्यात स्वतःचं गाणं घेऊन उभं राहायचं, पन्नास लोकांनी खाली बसून ऐकायचं, अशी जागा किती? लग्न आणि मिरवणूक सोडली तर हात रिकामा राहतो. तिथंही नियम आहेतच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. दर गणपतीला डीजेबंदीची चर्चा होते, साउंड जप्त होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हाताऱ्यांना, लेकरांना, आजाऱ्यांना त्या भिंतीचा त्रास होतो हे खरंच आहे. पण डीजेबंदीच्या चर्चेत 'मग या पोरांनी वाजवायचं कुठं?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. छोट्या सभागृहात, कमी आवाजात ऐकायचं संगीत आलं तर मिरवणुकीतला आवाजही थोडा खाली येईल, असं मला वाटतं. कारण मग 'सगळ्यात मोठा' यापेक्षा वेगळ्या गोष्टीसाठी टाळी मिळेल.

ही जागा कॉलेजात मिळू शकते. आपल्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात शास्त्रीय गायन आहे, सुगम आहे, समूहगान आहे, लोकवाद्यवृंद आहे, पाश्चात्त्य गाणंसुद्धा आहे. लॅपटॉपवर स्वतः बनवलेल्या गाण्याला मात्र रकाना नाही. महोत्सवाचं पुढे बघू. पण स्नेहसंमेलनात अर्धा तास 'फक्त स्वतःचं गाणं' एवढं ठेवायला कुणाची परवानगी लागते? सांस्कृतिक विभागाच्या सरांना किंवा मॅडमना एकदा विचारायचं. एक मिक्सर, दोन स्पीकर, एक माइक. अट एकच, रिमिक्स चालणार नाही, कव्हर चालणार नाही. वाईट असलं तरी मपलं.

पहिल्या वर्षी तिघं येतील. एकाचा लॅपटॉप बंद पडेल, एकाचा आवाज फाटेल, मागून कुणीतरी ओरडेल, 'झिंगाट लाव!' तरी लावायचं नाही. कारण पुढच्या लग्नसराईत दहा रिमिक्सच्या मध्ये एखाद्या साउंडवाल्यानं त्यातलं एक गाणं हळूच लावून बघितलं, आणि पोरं थांबली नाहीत, नाचतच राहिली, तर 'डीजे अमुक' हा टॅग गाण्याच्या आधी ओरडून सांगायची गरज त्या पोराला उरणार नाही.